आधी वाजव

खिडकी क्रमांक तीन.
लक्ष्मीपुरीतल्या बँकेत पंखा फिरतोय, वारा नाही.
काचेपलीकडच्या बाई विचारतात, मला:
"ह्यांचं नाव काय?"

ह्यांचं.
काउंटरवर कुणाची तरी पिशवी राहिलीय
तसं.
मी तोंड उघडते. अडतीस वर्षांची सवय.
तो अडला की शब्द माझ्या जिभेवर येतो,
शाळेत, दवाखान्यात, केएमटीच्या कंडक्टरपुढं,
आईच्या तेराव्याला, भटजींपुढंसुद्धा.
आज ओठ दाताखाली धरते.

गप्प बसणं एवढं जड असतंय
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मागं रांग खाकरते.
मानसिंग छताकडं बघतो, मग काचेकडं,
मग शर्टाचं वरचं बटण चाचपतो.
लागलंय.
"मानसिंग. शंकर. चौगले.
उद्यमनगरात नट मोजतो.
बारा-बाराची पुडी."

अकरा कधी नाही, तेरा कधी नाही,
हे तो सांगत नाही.
माझ्या घशाशी येतं ते, मी गिळते.

सहा वर्षं पगार म्हणून त्याला चहा मिळाला
आणि शनिवारी वडा.
मालक म्हणायचे, "घरात बसून तरी काय करणार?
करमतंय की त्याला."
करमत होतं. म्हणून तर कुणी हिशेब मागितला नाही.
आम्हीसुद्धा.

मग बबन. दोस्त.
गंगावेशीत दूधकट्ट्यावर रोज एक ग्लास पाजायचा
आणि मोबाईल, आणि आधार कार्ड, आणि अंगठा
"जरा दे की भावा" म्हणून न्यायचा.
कर्जाची नोटीस घरी आली तेव्हा
मानसिंग एवढंच म्हणाला,
"पण तो माझ्याशी बोलायचा, आक्का."

ह्या वाक्याला कुठलं कलम लागतं
ते ठाण्यातल्या हवालदारांना ठाऊक नव्हतं.
त्यांनीही तक्रार मलाच विचारून लिहिली.

त्यानंतर आम्ही त्याला जपलं.
म्हणजे खोलीची आतली कडी काढली,
फोन काढला,
कुठं चाललास, कुणाबरोबर, कशाला,
ह्याचा एक पहारा बसवला
आणि त्याला माया म्हणालो.

"सही जमत नसेल तर अंगठा चालेल," बाई म्हणतात,
ह्या वेळी त्याच्याकडं बघून.
"अंगठा नको," मानसिंग म्हणतो.
"अंगठा नेतात."

मग चार मिनिटं सही.
चौगलेतला ग चौकटीबाहेर निघाला होता,
हाका मारल्यासारखा परत आला.
सीपीआरच्या दाखल्याची झेरॉक्स बाईंनी उलटून बघितली,
पासष्ट टक्के.
हा कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा तो हसला होता:
"पास की मी. फर्स्ट क्लास!"
कुणी दुरुस्त केलं नाही.
आता वाटतं, करायचंच काय होतं त्यात?

पहिल्या खऱ्या पगारातले चारशे त्यानं वरच्या खिशात ठेवले.
मला वाटलं, भेळ. नाहीतर गॉगल.
तो हार्डवेअरच्या दुकानात शिरला.
"कडी द्या. आतून लावायची."

परतताना मी रस्ताभर बोलत होते.
तुला फिट आली तर. आग लागली तर.
तो चालत राहिला, पुडीतले स्क्रू मोजत,
आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला.

"तू आधी वाजव.
मी ये म्हटलं तर ये.
नको म्हटलं तर थांब.
काहीच म्हटलं नाही..."
इथं त्यानं बराच विचार केला.
एक रिक्षा गेली, एक म्हैस गेली.
"तर दार मोड."

संध्याकाळी शेजारचा पाना आणून त्यानं कडी ठोकली.
एक स्क्रू तिरका बसलाय.
मी चहा घेऊन दारापुढं,
बोटं वळवून, पाहुण्याच्या घरी वाजवावं तशी
दोनदा वाजवते.

"थांब."

उभी आहे.
चहावर साय धरायला लागलीय.